विहिरीला न भिणारे मूल : पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले आहे. वावरात नेले की तो थेट विहिरीच्या काठावर जाऊन वाकून पाहतो. रागावून पाहिले, भीती दाखवली, मारही दिला. काही उपयोग झाला नाही. मात्र घरी मिक्सर सुरू केला की हाच मुलगा कान झाकून रडतो. हे कसे समजून घ्यावे?
— एक आई, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मिक्सरची गोष्ट आपण आवर्जून लिहिली, हे फार चांगले केले. भीती आपल्या मुलालाही वाटते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी वाटते, हे त्यातून कळते. मिक्सरचा आवाज त्याच्या कानांना त्याच क्षणी बोचतो. विहिरीचा धोका मात्र अजून घडलेला नसतो. तो मनात उभा करावा लागतो, आणि इतर मुले तो बहुतेक वेळा आईच्या चेहऱ्यावरून, तिच्या दचकण्यावरून ओळखायला शिकतात. स्वमग्न मुलाचे लक्ष अनेकदा चेहऱ्यापेक्षा पाण्यावर हलणाऱ्या उजेडाकडे अधिक ओढले जाते. तेव्हा गावातल्यांनी त्याला धीट म्हणावे किंवा हट्टी म्हणावे, दोन्ही चूक आहे. माराने त्याला विहिरीची भीती वाटणार नाही. मारणाऱ्याची वाटेल, आणि तो आपल्या नजरेआड विहिरीकडे जाऊ लागेल.

म्हणून भीती घालणे सोडून द्यावे आणि थांबण्याची कृती शिकवावी. विहिरीपासून दहा-बारा पावलांवर चुन्याने रंगवलेले मोठे दगड ओळीने मांडावेत. मुलाचा हात धरून त्या ओळीपर्यंत चालत जावे, ‘थांब’ एवढा एकच शब्द उच्चारून स्वतःही थांबावे, आणि त्याचे पाय थांबताक्षणी त्याला आवडणारी वस्तू, मग ती गुळाचा खडा असो वा भाजलेले शेंगदाणे, हातावर ठेवावी. ‘तिकडे जाऊ नको, पडशील’ या वाक्यातला ‘जाऊ’ एवढाच शब्द त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता असते, म्हणून नकारार्थी वाक्ये टाळावीत. तो सहज थांबू लागला की पकड सैल करावी, नंतर हात सोडून एक पाऊल मागे राहावे. याला कित्येक आठवडे लागतात. शिवाय एका विहिरीवर शिकलेले दुसऱ्या विहिरीवर किंवा डांबरी रस्त्यावर आपोआप लागू होत नाही. प्रत्येक जागी सराव नव्याने करावा लागतो.

शिकवण कितीही पक्की झाली तरी ती कठड्याची जागा घेऊ शकत नाही. विहिरीवर जाळी बसवावी. शेजारच्या वावरात शेततळे असेल तर त्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्याचे प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की इतके निसरडे होते की धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही. तेथे कुंपण हवे, आणि काठाला पक्का बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर हवा.

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत घरी मी एकटा म्हातारा असतो. नातू कडी काढून निघून जातो. सून म्हणते, दुपारपुरते पायाला दोरी बांधून ठेवू. हे योग्य आहे का?
— एक आजोबा, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : बांधू नये. वेचणीची मजुरी बुडवणे किती कठीण असते याची मला जाणीव आहे आणि आपल्या सुनेला मी दोष देत नाही. परंतु बांधलेल्या मुलाच्या गळ्यात दोरी अडकू शकते, आणि आग लागली किंवा साप निघाला तर त्याला हलताही येत नाही.

अशा मुलांचे निघून जाणे अपवादात्मक नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, स्वमग्न मुलांच्या जवळपास निम्म्या पालकांनी मूल चार वर्षांचे झाल्यानंतर एकदा तरी निघून गेल्याचे किंवा तसा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. तो कुठे जातो, हे आधी आठवडाभर पाहावे. तो दर वेळी हापशाकडे जात असेल, तर दुपारी अंगणातच घमेल्यात पाणी आणि तांब्या द्यावा. बाहेर जाण्याची निम्मी ओढ तिथेच शमते. दाराला वरच्या बाजूस दुसरी कडी लावावी, मात्र ती आपल्याला आतून झटकन काढता आली पाहिजे. कवाडाला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली तर डोळा लागला असतानाही दार उघडल्याचे कळते. सदऱ्याच्या आतल्या बाजूला मोबाइल क्रमांक शिवून घ्यावा. शेजारी, किराणा दुकानदार आणि आशाताई यांना सांगून ठेवावे की हा मुलगा नाव विचारले तर बोलणार नाही, त्याला थांबवून आम्हाला फोन करा.

तो दिसेनासा झाला तर सर्वांत आधी पाण्याच्या जागा पाहाव्यात, घर आणि गोठा नंतर. हाका मारल्या तरी तो उत्तर देईलच असे नाही. 112 वर फोन करायला उशीर करू नये.

प्रश्न : आमच्या स्वमग्न मुलीला चटका बसला तरी ती रडत नाही. तिला वेदना होत नाहीत का?
— एक वडील, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : वेदना होत असते. ती तिच्या चेहऱ्यावर उमटत नाही किंवा तिला ती जागा नेमकी सांगता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी आंघोळ घालताना तळपाय, बोटांच्या बेचक्या, गुडघे, कान आणि टाळू उजेडात पाहण्याची सवय ठेवावी. भाजले असेल तर 20 मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. एखादी मुलगी अचानक जेवण सोडते, एका कुशीवर झोपत नाही किंवा स्वतःला मारून घेते, तेव्हा दात, कान किंवा पोट दुखत असण्याची शंका प्रथम घ्यावी. फवारणीची औषधे आणि रिकामे डबेसुद्धा कुलपात ठेवावेत, कारण अशी मुले वास आणि चव घेऊन वस्तू ओळखतात. रानडुकरांसाठी कुंपणात वीजप्रवाह सोडणे तर कोणाच्याही जिवावर बेतते. शेजारी तसे करत असेल तर संकोच न करता बोलावे.

प्रश्न : आमच्या शाळेतला एक विद्यार्थी पाण्याच्या टाकीवर चढतो. त्याला शाळेत ठेवावे की नाही?
— एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, वाशीम जिल्हा

उत्तर : ठेवावे. स्वमग्नता ही दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मध्ये नोंदलेल्या 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. टाकीची शिडी खालच्या टप्प्यापर्यंत पत्र्याने झाकून कुलूप लावावे. उंचीवर चढताना त्याच्या शरीराला जो ताण आणि झोका हवा असतो, तो त्याला तास सुरू होण्याआधीच मिळाला पाहिजे. टायरचा झोका, पाण्याची बादली उचलून झाडांना घालणे, सतरंज्या उचलून आणणे अशी कामे त्याला रोज ठरलेल्या वेळी द्यावीत. तो चढलाच तर खालून सगळ्यांनी ओरडू नये, कारण गलक्याने तो आणखी वर जाऊ शकतो. त्याच्या ओळखीच्या एकाच व्यक्तीने शांतपणे त्याची आवडती वस्तू दाखवून त्याला खाली बोलवावे.

पालकांकडे प्रमाणपत्र नसेल तर त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी हे प्रमाणपत्र मागितले जाते. अर्ज भरताना त्यांच्या शेजारी बसलात, तर ते काम एका फेरीत होण्याची शक्यता वाढेल.