तफावत आणि तिचा भाऊ फौत

अंबाजोगाईहून अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: दोन कामगारांच्या, दोन कारखान्यांच्या किंवा दोन उद्योगांच्या पगारात जे अंतर असतं त्याला 'फरक' म्हणावं की 'तफावत'? आणि मजुरी, पगार, वेतन यांतलं कुठं काय लिहावं?

आधी तफावत, कारण ऐकून ऐकून कान किटलेत. परवा बातम्यांत म्हणे, 'सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात मोठी तफावत'. अहो, मराठवाड्यात दुपारी ऊन तापणारच, त्यात तफावत कसली? तफावत हिशेबात निघते. गोदामाच्या वहीत शंभर पोती आणि मोजली तर सत्त्याण्णव, ही तफावत. तीन पोती कुठं गेली, याचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो.

ही छटा शब्दाच्या मुळातच आहे. वारसाची नोंद करायला तलाठ्याकडं गेलात की 'खातेदार फौत' असं लिहितात ना, त्या फौतची ही सख्खी बहीण. अरबीत 'फात' म्हणजे निसटलं, हातचं गेलं. गेला तो फौत, आणि दोन गोष्टींच्या मधून काही निसटलं की तफावुत. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात ज्यांचं दफ्तर उर्दूत चाललं त्या आपल्या लोकांना तरी हे नातं ठाऊक असावं.

आमचे एक कोशप्रेमी स्नेही म्हणतात, मूळ काहीही असो, आज फरक आणि तफावत एकच. हेच गृहस्थ 'फारकत' ही 'फरक'वरून आली असं छातीठोकपणे सांगतात! फारकत म्हणजे फारिग-खत, मोकळं केल्याचा कागद. फरकाशी तिचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा त्यांचं मत त्यांच्यापाशी.

माझं म्हणणं असं: ज्याचं कारण दाखवता येतं तो फरक, आणि सगळी कारणं वजा करून जे उरतं ती तफावत. बीडकडं ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात आणि पैसे टनावर मिळतात. एका कोयत्यानं जास्त ऊस तोडला, जास्त मिळाले, हा फरक. आता आमच्या गल्लीतली दोन पोरं घ्या. दोघंही एकाच आयटीआयचे फिटर, दोघंही वाळूजला. एक गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, दुसरा पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या. पहिल्याचा पगार दुसऱ्याच्या दीडपट. मागच्या दिवाळीनंतर खोकीवाला सुट्या भागांकडं गेला आणि त्याचाही पगार चढला. पोरगं तेच, हातातला पाना तोच. मग वाढ कशाची झाली? कारखान्याची! कारण सापडलं, म्हणजे हाही फरकच.

अर्थशास्त्रज्ञ नेमकं हेच मोजतात. क्रूगर आणि समर्स यांनी 1988 मध्ये दाखवलं की शिक्षण, अनुभव सगळं हिशेबात धरलं तरी उद्योगाउद्योगांतलं अंतर उरतंच. 1999 मध्ये अबाउड, क्रामार्झ आणि मार्गोलिस यांनी फ्रान्समधल्या कामगारांच्या नोंदींवरून, माणसाबरोबर चालत जाणारा पगाराचा भाग वेगळा काढला आणि कारखान्यातच राहणारा वेगळा. त्यासाठी नोकरी बदलणारी माणसंच उपयोगी पडतात. कुणीच जागचं हललं नाही, तर पगारातलं माणसाचं किती आणि कारखान्याचं किती, हे सांगणार कसं? एवढं करूनही जे अंतर ना माणसाच्या नावावर पडतं ना कारखान्याच्या, ज्याला कुणी धनी सापडत नाही, ती माझ्या लेखी अस्सल तफावत.

मजुरी-वेतनाचं राहिलंच की. दिवसावर मिळते ती मजुरी. आपल्याकडं तिला रोज किंवा हजेरी म्हणतात. महिन्याला मिळतो तो पगार, आणि हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या 'पागार'च्या मागं लॅटिनमधलं 'शांत करणं' आहे, म्हणजे पैसे देऊन समोरच्याला गप्प करणं. वेतन कौटिल्यापासून चालत आलंय, ते सरकारी आयोगांना राहू द्या. आणि तुमच्या प्रबंधात गुत्तेदाराकडची, म्हणजे ठेकेदाराकडची, माणसं असतील, तर त्यांना 'कंत्राटी कर्मचारी' करू नका. गुत्तं हा शब्द तेलुगू-कानडीच्या शेजारानं आपल्याला दिलाय, पुण्यात तो कुणाला कळतही नाही.