रिसेप्टर शिकायला बसताय? आधी एवढंच करा

औषधांची यादी पाठ करायला घेतली असेल तर आज ती बाजूला ठेवा. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं किंवा पेशीतलं प्रथिन, ज्याला औषध किंवा शरीरातला रेणू चिकटतो आणि परिणाम घडतो. सुरुवातीला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हा रिसेप्टर कोणत्या घराण्यातला? मुख्य घराणी चारच आहेत आणि त्यांचा वेग लक्षात राहिला की निम्मं काम झालं.

- आयन चॅनेल (पेशीच्या पडद्यातलं आयनांचं दार): मिलिसेकंद
- जी-प्रोटीनशी (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेले: सेकंद
- एन्झाइमशी जोडलेले, उदा. इन्सुलिनचा: मिनिटं ते तास
- पेशीच्या आतले, उदा. स्टेरॉइडचा: बहुधा तास, कारण जनुकांमार्फत नवी प्रथिनं बनावी लागतात

मग अ‍ॅसिटिलकोलिन घ्या, म्हणजे नसांकडून निरोप नेणारा रेणू. हाता-पायांच्या स्नायूंत ते निकोटिनिक रिसेप्टरला, म्हणजे आयन चॅनेलला चिकटतं आणि स्नायू आकसतो. हृदयात तेच मस्कॅरिनिक एम-२ ला, म्हणजे जी-प्रोटीनवाल्याला चिकटतं आणि ठोके मंदावतात. रेणू तोच! मला हे उदाहरण फार आवडतं. कागदावर काढून बघाच.

आता चुका. अँटॅगोनिस्ट म्हणजे उलटा परिणाम करणारं औषध, असं जवळपास प्रत्येक नवशिका धरून चालतो. तसं नाही; अँटॅगोनिस्ट रिसेप्टरला चिकटून दुसऱ्याला चिकटू देत नाही, एवढंच. उदा. मॉर्फिनसारख्या ओपिऑइड औषधांवरचा उतारा नालोक्सोन नुसतं जागा अडवतं; शरीरात ओपिऑइड औषध नसेल तर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. दुसरं, कमी डोसमध्ये काम होतं म्हणून औषध जास्त परिणामकारक ठरत नाही. आणि ‘निवडक’ म्हणजे ‘फक्त तिथेच’ नव्हे: दम्याचं औषध साल्ब्युटामॉल श्वासनलिकांतला बीटा-२ रिसेप्टर निवडतं, तरी डोस वाढला की छाती धडधडते.

इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट, अ‍ॅलोस्टेरिक असे शब्द दिसले तर सध्या बिनधास्त पान उलटा.