'कुंद हवा' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न असा आला आहे: पावसाळी सहलीच्या फोटोंखाली 'काय कुंद, धुंद हवा!' असं लिहितात, म्हणजे कुंद हवा प्रसन्न असते का? आणि कुंद तर पांढऱ्या फुलाचं नाव, ते हवेला कसं चिकटलं?

आधी फुलाचं. हे दोन निराळे शब्द आहेत, दिसायला तेवढे सारखे. फुलाचा कुंद संस्कृत. सरस्वतीच्या 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' या श्लोकात तोच आहे आणि शुभ्र दातांना कुंदकळ्यांची उपमा देतात तीही त्याचीच. हवेचा कुंद फारसी. तिथे त्याचा अर्थ बोथट, मंद. हिंदी-उर्दूत धार गेलेली सुरी आजही 'कुंद' असते, मंदबुद्धी माणसाला 'कुंदजेहन' म्हणतात. मराठीत मात्र हे विशेषण हवेच्या आणि आभाळाच्या वाट्याला आलं, आणि तिथे ते इतकं चपखल बसलं की दुसरा शब्द घालून बघावासा वाटत नाही.

कारण कुंद हवेत सगळ्याचीच धार गेलेली असते. आभाळ भरून आलंय पण पाऊस कोसळत नाही, वारा पडलाय, झाडाचं पान हलत नाही, भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो आणि उगाचच जीव कोंडल्यासारखा होतो. ही प्रसन्न हवा नव्हे. धो धो पाऊस सुरू झाला किंवा वारा सुटला की कुंदपणा संपला. 'धुंद'शी यमक जुळतं म्हणून जोडी जमली असावी, पण अर्थाने ती जमत नाही.

जवळचे शब्दही सांभाळून वापरावेत. मळभ आभाळावर येतं, ते नाम आहे. मळभ आलं की हवा कुंद होते. कोंदट असते ती खिडक्या बंद असलेली खोली, उघडं माळरान कोंदट होत नाही. भकास हे जागेचं विशेषण: ओस वाडा, झाडं तोडलेला रस्ता. त्यात रितेपणा आहे. कुंदमध्ये उलट दाटलेपण आहे. चेहरा पडलेला असेल तर सुतकी किंवा खिन्न म्हणावं. 'मन कुंद झालं' हे मात्र मला अगदी योग्य वाटतं, कारण रडू दाटून येतं आणि फुटत नाही, त्या अवस्थेला उदास हा शब्द पुरत नाही.

सहलीच्या फोटोखाली 'गार, पावसाळी हवा' लिहावं.