थायरॉईड काढल्यानंतर : टीएसएच नॉर्मल, तरी मुंग्या का?

या वेळचे प्रश्न पूर्ण थायरॉईड ग्रंथी काढलेल्या वाचकांचे आहेत. त्यात वारंवार येणारा टीएसएच म्हणजे थायरॉईडला उत्तेजन देणारं हार्मोन : थायरॉईडच्या गोळीचा डोस कमी पडला की तो वाढतो, जास्त झाला की घटतो.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी गलगंडासाठी माझी पूर्ण थायरॉईड काढली. रोज थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेते, टीएसएच २.१ आहे. तरी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि आठवड्याला व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी चालू आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, हे टेन्शनमुळे होतंय.
– वाचक, कराड

उत्तर : टीएसएच चांगला आहे हे खरं, पण या मुंग्यांविषयी तो काहीच सांगत नाही. थायरॉईडच्या मागच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या पीटीएच हे हार्मोन तयार करून रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला किंवा एखादी ग्रंथी सोबतच निघाली, की कॅल्शियम घसरतं. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. सहा महिने ते वर्ष उलटूनही सावरल्या नाहीत, तर तो त्रास कायमचा धरतात. तुमचे पाचच महिने झालेत, त्यामुळे आशा आहे. पण तोवर औषध नेमकं हवं, आणि सध्याच्या औषधांत एक गफलत दिसते.

ती पुडीची. ६०,००० ची पुडी म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल. ते कामी येण्यासाठी आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलावं लागतं, आणि मूत्रपिंडातली ही पायरी पीटीएचच्या जोरावर चालते. पीटीएच कमी असेल तर पुडी पोटात जाऊनही आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. अशा रुग्णाला कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं तयार, सक्रिय रूप द्यावं लागतं. त्याची कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमची असते आणि ती बहुधा दिवसातून दोनदा सुरू करतात. दुकानात ‘डीचीच आहे’ म्हणून दुसरं काही हातात पडू शकतं, तेव्हा पाकिटावर कॅल्सिट्रिऑल हा शब्द वाचूनच घ्या. व्हिटॅमिन डी मुळात कमी असेल तर पुडीही लागते, पण ती कॅल्सिट्रिऑलच्या जागी चालत नाही.

कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणासोबतच घ्यावी. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. एका वेळी त्याहून जास्त घेतलं तर शोषण कमी होतं, म्हणून डोस दिवसभरात वाटून घेणं बरं. अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेत असाल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट मागून घ्या. पॅन्टोप्राझोल महिनोन्‌महिने घेतल्याने मॅग्नेशियमही उतरू शकतं, आणि मॅग्नेशियम फार कमी झालं की उरलेल्या पॅराथायरॉईडही पीटीएच सोडत नाहीत. मग कॅल्शियम कितीही वाढवा, मुंग्या थांबत नाहीत. दूध, दही, नाचणी जरूर घ्या, पण त्यांनी गोळी सुटणार नाही.

आता तपासणी. सकाळचा कॅल्शियमचा डोस घेण्याआधी रक्त द्या आणि कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, पीटीएच आणि व्हिटॅमिन डी एकत्र करा. दंडाला पट्टा बराच वेळ घट्ट बांधून ठेवला तर कॅल्शियम खोटंच वाढलेलं दिसतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर दर १ ग्रॅमच्या तुटीमागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवून वाचतात. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि पीटीएच कमी किंवा ‘नॉर्मल’च्या तळाशी, असं चित्र निघालं तर हा रिपोर्ट घेऊन थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जा. टेन्शनचं निदान या तपासण्यांआधी मान्य करू नका. घाबरून भराभर श्वास घेतला तरी मुंग्या येतात हे खरं, पण थायरॉईड काढलेल्या माणसात आधी कॅल्शियम बघायचं असतं. बी १२ च्या कमतरतेनेही मुंग्या येतात. त्या बहुधा तळपायांपासून सुरू होतात आणि सतत राहतात. कॅल्शियमच्या मुंग्या ओठ आणि बोटांत झपकन येतात आणि गोळी घेतल्यावर ओसरतात.

मुंग्या अचानक वाढल्या तर किती जादा कॅल्शियम घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि गोळ्या पर्समध्ये ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात उतार नाही, बोटं आखडून पंजा वाकडा झाला, श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला किंवा आकडी (फिट) आली, तर घरी थांबू नका. रुग्णालयात ईसीजी लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश देतात. दारातच सांगा : ‘थायरॉईड काढलेली आहे, कॅल्शियम तपासा.’ जुलाब-उलट्या झाल्या किंवा एकादशीच्या उपवासाला गोळ्या चुकल्या की असा त्रास होऊ शकतो. उपवास करा, पण कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल त्या दिवशीही फराळासोबत घ्या.

उलट बाजूही आहे. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, सुस्ती ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी लगेच रक्त तपासून डॉक्टरांशी बोला. पीटीएचशिवाय मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवत नाही, ते लघवीवाटे जातं आणि खडे होतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम मुद्दाम नॉर्मलच्या खालच्या काठाला, किंवा त्याहून किंचित खाली ठेवतात. उपचार लांबले तर अधूनमधून २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासून घ्या.

प्रश्न : माझा टीएसएच कधी ९, कधी ०.३ येतो. दर वेळी डोस बदलतो. वजन ६२ किलो. गोळी रोज न चुकता घेतो.
– वाचक, नाशिक

उत्तर : न चुकता घेता, पण कशासोबत घेता? लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ही थायरॉईडची गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायचं आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम, लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दिवसातून तीनदा असेल तर वेळापत्रक असं बसतं : उठल्या उठल्या ६ ला थायरॉईडची गोळी, ७ ला चहा, १० ला नाश्ता आणि कॅल्शियम, २ ला जेवण आणि कॅल्शियम, रात्री साडेआठला पुन्हा. सकाळी जमतच नसेल तर जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतलेली चालते, मात्र रात्रीचं कॅल्शियम त्याआधी चार तास झालेलं असावं. एकदा ठरवलेली वेळ मग बदलू नका.

पूर्ण ग्रंथी काढल्यावर साधारण डोस किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. वयस्कर आणि हृदयरोगी माणसाला कमीपासून सुरू करतात. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी केलेला टीएसएच दिशाभूल करतो. दोन-तीन आठवड्यांत रिपोर्ट, लगेच नवा डोस, पुन्हा रिपोर्ट, असं चाललं की आकडे हेलकावे खातच राहतात. आमच्या मते तुमचंही असंच झालं असावं. एक कंपनी ठरवा आणि तीच ठेवा. कंपनी बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. बाटली गॅसजवळ किंवा बाथरूममध्ये नको, पावसाळ्यात झाकण घट्ट असू द्या. उष्णता, ओल आणि उजेडाने गोळीचा जोर कमी होतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. बऱ्याच लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि मग चांगला चाललेला डोस उगाच घटवला जातो.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालतं. हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा.

प्रश्न : कॅन्सरसाठी आईची थायरॉईड काढली. टीएसएच ०.०८ आला, लॅबने खाली ‘कमी’ लिहिलं. गोळी कमी करू का?
– वाचक, ठाणे

उत्तर : ऑपरेशन करणाऱ्या किंवा रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉईड पेशी नष्ट करणारं किरणोत्सारी आयोडीन) देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लॅबचा नॉर्मल आकडा निरोगी माणसासाठी असतो. टीएसएच उरल्यासुरल्या थायरॉईड पेशींना वाढायला उत्तेजन देतो, म्हणून आजार परतण्याचा धोका जास्त असेल तर तो ०.१ च्या खाली, मध्यम असेल तर ०.१ ते ०.५ ठेवतात. धोका कमी असेल तर ०.५ ते २ पुरतो. वर्षानुवर्षं फार खाली ठेवल्यास हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, त्यामुळे आजार आटोक्यात राहिला की मर्यादा सैल करतात. आईचा धोका कोणत्या गटात आहे आणि टीएसएच किती ठेवायचा, हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. थायरोग्लोब्युलिन (थायरॉईड पेशीच तयार करतात ते प्रथिन, आजार परतला का हे बघण्यासाठी) दर वेळी त्याच लॅबमध्ये आणि सोबत त्याच्या अँटीबॉडीही तपासा, कारण अँटीबॉडी असल्या तर थायरोग्लोब्युलिनचा कमी आकडा फसवा असू शकतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. ऑपरेशनला दोन महिने झाले. दुपारपर्यंत आवाज बसतो, वरच्या पट्टीत जातच नाही. पाणी पिताना ठसका लागतो.
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. यात आता दिरंगाई नको. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉईडला अगदी लागून जाते. ती ताणली गेली की आवाज घोगरा, हवा सुटणारा होतो आणि ठसका लागतो. वरची पट्टी जाते ती दुसऱ्या, वरच्या नसेमुळे. नस न तुटता नुसती दुखावली असेल तर सहा महिने ते वर्षभरात सुधारते, पण आवाजाचे व्यायाम लवकर सुरू करणं फायद्याचं. तोवर वर्गात छोटा माईक वापरा. कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढतो. पाणी पिताना मान खाली, हनुवटी छातीकडे घ्या आणि छोटे घोट घ्या. ठसक्यासोबत ताप किंवा श्वास लागणं सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा.