वॉक्सेलला चिरा म्हणावे का?

राजापूरहून एका गृहस्थांनी विचारले आहे: त्यांची मुलगी समुद्राच्या तापमानाच्या त्रिमितीय विदेवर, म्हणजे डेटावर, काम करते. घरामागेच चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाचे बांधकामाचे चिरे कापतात ती खाण, म्हणून ती 'वॉक्सेल'ला 'चिरा' म्हणते. हा शब्द लेखनात चालेल का?

शब्द फार चांगला आहे. मात्र तो वॉक्सेलला देऊ नये, त्याला याहून नेमकी जागा आहे.

'पिक्सेल'च्या धर्तीवर 'वॉक्सेल' घडला: घनफळाचा घटक. पिक्सेलला आपण चित्रबिंदू म्हणतोच, तर वॉक्सेलला घनबिंदू म्हणावे. अमुक अक्षांश-रेखांशावर, अमुक वाव खोल पाणी किती गरम, एवढा एकच आकडा त्यात असतो. चिरा दोन्ही हातांनी उचलावा लागतो. एवढा जड शब्द एका आकड्याला कशाला?

आता विदेचा पसारा पाहा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी 1024 घेतली, तर 107 कोटींहून अधिक घनबिंदू होतात. पडद्यावरचा समुद्र हाताने फिरवताना हात हलला की चित्रही हलले पाहिजे. दर वेळी सगळे घनबिंदू उपसत बसले तर ते जमत नाही. म्हणून विदेचे आधीच सारखे ठोकळे कापून ठेवतात, समजा प्रत्येक बाजूला 64 घनबिंदूंचे. असे 4096 ठोकळे होतात. नजरेच्या टप्प्यात असतील तेवढेच मेमरीत आणायचे, ज्यांत दाखवण्यासारखे काही नाही ते सोडून द्यायचे, लांबच्यांची ढोबळ प्रत वापरायची. या ठोकळ्याला इंग्रजीत 'ब्रिक' म्हणतात. तुमच्या मुलीचा चिरा तो हा!

ब्रिक म्हणजे वीट, मग वीटच का नको? वीट साच्यात घालून थापतात. ती पहिल्यापासून सुटीच असते. चिरा मात्र सलग कातळातून कापून काढतात. विदाही आधी सलग असते, ठोकळे मागाहून निघतात. शिवाय चिरा हा चिरणे, चीर यांच्याच घरातला शब्द, म्हणजे कापण्याची क्रिया नावातच आली. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या जांभ्याला 'लॅटेराइट' हे नाव स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली दिले. मलबारात लोक हा दगड कापून विटांसारखा वापरताना त्यांनी पाहिला होता. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. ब्रिक आणि चिरा यांची सोयरीक अशी जुनीच आहे.

लिहिताना एक जपावे. चिरा पुल्लिंगी, अनेकवचन चिरे. पण स्त्रीलिंगी 'चीर'चे अनेकवचनही चिराच: भिंतीला चिरा पडल्या. या कामात दोन्ही शब्द लागतात. दोन घनबिंदूंमधली किंमत शेजारच्या बिंदूंवरून काढतात. ठोकळ्याच्या कडेला तो शेजारी दुसऱ्याच ठोकळ्यात असतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्यात शेजाऱ्याच्या कडेचा एक थर जास्तीचा ठेवतात. तो ठेवला नाही तर चित्रात सांध्यांवर रेषा उमटतात. तेव्हा तुमच्या मुलीने खुशाल लिहावे: 'चिरे कापताना शेजारचा थर घेतला नाही, म्हणून चित्रात चिरा दिसतात.' राजापुरात तरी याचा अर्थ कुणाला विचारावा लागणार नाही.