ऑपेरा सोड, 'मामा'पासून धर

*मावशी, मी ४६ वर्षांची, साताऱ्यात शाहूपुरीत राहते. पाचगणीला होस्टेलवर असताना दहावीपर्यंत पियानो शिकले, मग कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं सुटलं. मुलगा पुण्याला गेला, त्याचा ६१ कीजचा कीबोर्ड माळ्यावर पडून होता, तो खाली काढून दिवाणावर मांडला, कारण क्वीन या इंग्लिश रॉक बँडची गाणी वाजवायची लय जुनी हौस आहे. बोहेमियन ऱ्हॅप्सडीला बसले तर डावा हात ऐकेचना, रडूच आलं. क्लासवाले म्हणतात पहिल्या ग्रेडच्या पुस्तकापासून या. नवरा म्हणतो भजनं बसव, निदान सगळे ऐकतील. सासूबाई विचारतात, आता पेटी वाजवून कुठं जायचंय? क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी ज्या गावात शिकला तिथंच मी शिकले, त्याची तर अजूनच लाज वाटते. एक जुना अपराइट (उभा, लाकडी) पियानो विकायला आहे, तो घेतला तर जमेल का?*
*– शाहूपुरीची क्वीनवेडी*

अगं, तू निवडलंस काय बघ तरी! इतक्या वर्षांनी कीबोर्ड खाली काढला आणि पहिल्याच फटक्यात बोहेमियन ऱ्हॅप्सडी. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, त्यात बॅलड, गिटार सोलो, ऑपेरा, रॉक सगळं एकापाठोपाठ, आणि तो ऑपेरा, म्हणजे नाटकी गाण्याचा तुकडा, तिघांचे आवाज एकावर एक चढवत रेकॉर्ड केलेला. खुद्द क्वीनवाले तो भाग स्टेजवर गायचे नाहीत, टेप लावून आत जायचे आणि रॉकचा तुकडा आला की परत बाहेर यायचे. आणि तू दिवाणावर मांडी घालून एकटी ते करायला निघालीस, मग डाव्या हाताला कशाला बोल लावतेस?

त्यापेक्षा १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढ. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रेडी येतो, पियानोवर बसतो, हेच गाणं सुरू करतो आणि ऑपेराच्या आधीच तोडून 'रेडिओ गा गा' या दुसऱ्या गाण्याला जातो. तुला तेवढंच वाजवायचंय, आणि त्यातलंही आत्ता फक्त 'मामा' म्हणतो तिथून चार ओळी. बी फ्लॅट, जी मायनर, सी मायनर, एफ, एवढेच कॉर्ड (एकत्र दाबायचे सूर) फिरतात तिथं (सासूबाईंच्या भजनी मंडळाला सांगायचं तर पट्टी काळी पाच). पहिले काही दिवस डाव्या हातानं प्रत्येक कॉर्डचा नुसता खालचा एक सूर, उजवा मांडीवर. मग उजवा एकटा. मग दोन्ही, पण इतकं सावकाश की गाणं ओळखू पण येऊ नये. फ्रेडी डावा हात उजव्यावरून नेऊन वरचे सूर टोचतो ना, ते दिसतं भारी, पण ते सगळ्यात शेवटी. कंटाळा आला तर क्वीनच्याच 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'ची सुरुवातीची संथ ओळ घे, एफ, ए मायनर, डी मायनर, जी मायनर, सी. पुढं गाणं पळायला लागलं की तू थांब, त्याला पळू दे.

तुझं डोकं गाणं विसरलेलं नाही, बोटं मात्र विसरलीत, म्हणून सारखं वाटतं की आपल्याला येत होतं आणि आता येत नाही. चुकीच्या ठिकाणी परत परत तेच चुकीचं दामटू नकोस, तेवढाच तुकडा काढून हळू कर, आणि मनगट दुखलं तर उठ.

क्लासचं म्हणशील तर परीक्षा द्यायची असेल तर जा, पुस्तक वाईट नाही. पण तुला सर्टिफिकेट कुठं हवंय? एखादे शिक्षक 'मला हे गाणं वाजवायचंय, तेवढ्यापुरतं बघा' म्हटल्यावर हो म्हणाले तर त्यांच्याकडे जा, ग्रेडचा आग्रह धरला तर नमस्कार करून ये. आणि पाचगणीची लाज कसली गं? १९५८ च्या सुमारास हा फ्रेडी पोरगा असताना तिथं शाळेत द हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो बडवत होता, आणि वाजवत काय होता तर क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड या तेव्हाच्या गायकांची गाणी. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि पियानोवर वाजवून बघायचं, असं त्याचे दोस्त सांगतात. म्हणजे आवडत्या लोकांची गाणी वाजवायचं जे तू आत्ता करतेयस तेच.

घरच्यांचं बोलू. नवऱ्याला भजनं हवीत तर त्याला पेटी आणून दे, त्याचे हात रिकामेच आहेत. खरं सांगते, घरातल्या बाईनं काही केलं की ते चारजणांच्या उपयोगाचं असलंच पाहिजे, ही जी सवय आहे ना लोकांना, तिचा मला भारी राग आहे. सासूबाईंशी वाद घालू नकोस, 'कुठं जायचं नाही आई, घरीच बसून वाजवायचंय' म्हण आणि हेडफोन लाव. फक्त त्यांच्या सिरियलच्या वेळेला नको, तेवढं पाळ.

दिवाणावरून मात्र कीबोर्ड आजच उचल, वाकून वाजवलं तर पाठ आणि मनगट दोन्ही जाणार. जेवणाच्या टेबलावर ठेव, टेबल उंच पडतं म्हणून खुर्चीवर उशी घे, कोपर कीजच्या लेव्हलला आलं पाहिजे.

अपराइट घेऊ नकोस. दोनशे किलोच्या वर वजन, जिन्यातून चढवणार कोण? आत दोनशेच्या वर तारा, वर्षातून दोनदा तरी ट्यून करायचा आणि त्यासाठी ट्यूनर बहुतेक पुण्यामुंबईहून बोलवायचा. त्यात आपल्याकडचा पावसाळा, लाकूड फुगतं, सूर चढतात, कीज दाबल्या की तिथंच बसतात. मग तू क्वीन वाजवण्याऐवजी पियानोची सेवा करत बसशील. सहा महिन्यांनी पण बसत असलीस तर ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीजचा डिजिटल पियानो बघू, ६१ मध्ये 'मामा' आरामात मावतं.

आत्ता पैसे घालायचेच तर सस्टेन पेडलवर (पायानं दाबलं की सूर लांबवणारं) घाल, त्याशिवाय ही गाणी कोरडी वाजतात. दुकानात जाताना कीबोर्डचं मॉडेल आणि मागच्या जॅकचा फोटो ने. काही पेडल उलटी चालतात, पाय सोडला की सूर लांबतो. तसं झालं तर घाबरून परत करायला पळू नकोस, कीबोर्ड बंद कर, पेडल लाव आणि पाय न ठेवता चालू कर, बऱ्याचदा तेवढ्यानंच सुटतं.

– मावशी