गॅबीवरचा राग मोजताय? आधी तारखा लिहून ठेवा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं एम.ए.चं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर आलं. 'अटॅक ऑन टायटन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या गॅबी ब्राउन या लहान मुलीबद्दल प्रेक्षक आणि समीक्षक काय म्हणतात यावर तुम्ही लघुप्रबंध करताय, दोनशे कमेंट जमल्यात, त्यात बहुतेक शिव्याच आहेत, आणि आता निष्कर्ष काय काढायचा असं विचारलंय. मीही याच पात्रावर लिहिलं होतं, म्हणून सविस्तर उत्तर देतेय. कथानक सांगत बसत नाही. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये.

मला सगळ्यात महागात पडली ती एकच चूक. गॅबी साशाला, प्रेक्षकांच्या लाडक्या सैनिक मुलीला, गोळी घालून मारते तो भाग 2021 च्या सुरुवातीला आला. पुढचे पंधरा दिवस मी झपाटल्यासारखे स्क्रीनशॉट काढत होते. लोकांची नावं दिसू नयेत म्हणून वरची पट्टी कापून टाकायचे, तिच्याबरोबर तारीखही जायची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा माणूस मांगा वाचून बोलतोय की फक्त अ‍ॅनिमे बघून?" मांगा म्हणजे मालिकेची मूळ जपानी चित्रकथा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मांगात हा प्रसंग 2018 मध्येच येऊन गेला होता. म्हणजे कुणाचा राग तीन वर्षं मुरलेला, कुणाचा काल रात्रीचा, तर कुणी पुढची बदललेली गॅबीही वाचून बसलेला. मी सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं होतं. आख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं आणि एक सत्र गेलं.

त्याआधी आमच्या विभागाच्या समितीने "कार्टूनवर प्रबंध होत नाही" म्हणत विषय दोनदा परत पाठवला होता. त्याची चीड अजून गेलेली नाही. 2009 ते 2021 चाललेली, 34 खंडांची ही कथा मुलांच्या डोक्यात द्वेष कसा भरला जातो तेच दाखवते, आणि समितीतल्या एकानेही एक भाग बघितला नव्हता. तुमच्याकडे असं होईलच असं नाही, प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात. पण शीर्षकात 'अ‍ॅनिमे'च्या आधी 'प्रेक्षक-प्रतिसाद' हा शब्द येऊ द्या.

आता शिव्यांकडे वळू. साशा 2013 मध्ये तिसऱ्या भागात सगळ्यांसमोर रांगेत उभी राहून उकडलेला बटाटा खाते, तेव्हापासून ती लोकांच्या घरची झाली. गॅबी आली डिसेंबर 2020 मध्ये. एकीशी जवळपास आठ वर्षांची ओळख, दुसरीशी आठ आठवड्यांची. हा हिशोब मांडल्याशिवाय 'प्रेक्षक गॅबीचा द्वेष करतात' हे वाक्य लिहूच नका. रायनर आणि अ‍ॅनी या गॅबीच्याच बाजूच्या योद्ध्यांमुळे किती माणसं मेली ते आठवा, आणि त्यांचे चाहते किती आहेत तेही बघा. गॅबी बारा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांदेखत तिची मैत्रीण सोफिया ढिगाऱ्याखाली चिरडली जाते, मित्र उडो पळणाऱ्या गर्दीच्या पायांखाली जातो. तिच्याशी प्रेमाने वागणारे पहारेकरी गोळ्या लागून पडतात, आणि त्या गोळ्या साशाने झाडलेल्या असतात. शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांना हे शेवटचं आठवतं, ते मोजा. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं खरं काम तिथेच आहे.

समीक्षकांचं लिखाण बहुतेक वेळा 'गॅबी म्हणजे लहानपणीचा एरेन', म्हणजे कथेचा नायक, इथे येऊन थांबतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. हॉटेलातला तो प्रसंग पुन्हा बघा. साशावर जीव असलेला स्वयंपाकी निकोलो गॅबीला मारण्यासाठी हातातली सुरी साशाच्या वडिलांपुढे धरतो. ते ती घेतात. बघणाऱ्याच्याही मनात येऊन जातं, मारा हिला. मग ते सुरी दूर करतात आणि शिकाऱ्याच्या भाषेत सांगतात की मुलांना या जंगलातून बाहेर ठेवायला हवं. आणि लगेच काया, जिला साशाने वाचवलं होतं ती, सुरी घेऊन गॅबीच्या अंगावर धावते. कथेने आपल्याला कायाच्या जागी बसवलंय. म्हणून या भागानंतरच्या कमेंट वेगळ्या ठेवा. मला तरी तिथून सूर बदलताना दिसला होता. पुढे 2022 च्या भागांत गॅबी त्याच कायाला वाचवते, त्यावरच्या कमेंटचा तिसरा गठ्ठा करा.

जाता जाता एक गोष्ट. मूळ जपानी आवाजात बघत नसाल तर एकदा नक्की बघा. गॅबीचा आवाज आयाने साकुरा यांचा आहे, 'माय हीरो अकॅडेमिया'मधल्या ओचाकोचाही तोच. अनेकांना खटकते ती गॅबीची किंचाळी, आणि कोणी कुठल्या भाषेत ती ऐकली यावरही मतं बदलतात असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षणच म्हणते, पुरावा नाही.

तुमच्या दोनशेपैकी ज्यांची तारीख सापडत नाही त्या टाकून देऊ नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पहिला तक्ता झाला की इथे टाका, शनिवार-रविवारी नीट बघून सांगते.